नादाची जात

हसणार असाल तर आत्ताच पोटभर हसून घ्या, कारण मधे हसलात की माझी लिंक तुटते. एका रविवारी सकाळी मी पोरांना ताल शिकवायला बसलो आणि दिवस मावळायच्या आत अख्ख्या सोसायटीत दंगल पेटवायची वेळ आणली. तीही कुणाला एक शिवी न देता! निव्वळ पुस्तकातले शब्द वापरून!

मी दिवसा कारकून आणि रविवारी तबल्याचा मास्तर. आमची सोसायटी गारखेड्याच्या पुढं, नवीन वस्तीत. तेव्हा तिकडं इमारती अशा उगवत होत्या, की या उन्हाळ्यात जिथं म्हशी बसलेल्या दिसायच्या तिथं पुढच्या उन्हाळ्यात 'मोजकेच फ्लॅट शिल्लक' अशी पाटी. प्रत्येक इमारतीनं जमिनीत आपापली बोअर खुपसलेली. वर माणसं वाढली, खाली पाणी पळालं. त्यात दुष्काळ असा, की नळ ही वस्तू आम्ही फक्त फडक्यानं पुसायचो. सगळी मदार टँकरवर. आणि टँकर कधी येणार, हे खुद्द टँकरवाल्या सलीमभाईला सुद्धा माहीत नसायचं.

म्हणून पार्किंगमध्ये भांड्यांची कायमची रांग लागलेली. ड्रम, हंडे, घागरी, बादल्या, एकाला तर बाळाच्या आंघोळीचा टब. प्रत्येकावर ऑइलपेंटनं मालकाचं नाव. माणसं घरात झोपायची, भांडी रांगेत जागी राहायची.

आता माझा वर्गही त्याच पार्किंगच्या कोपऱ्यात. पोरं सात-आठ आणि तबल्याचा जोड एकच, माझा. बाकीच्यांनी काय मांड्या बडवायच्या? समोर एवढी वाद्यं मांडलेली! मी माधवीचं, म्हणजे आमच्या सौभाग्यवतीचं, लाटणं घेऊन खाली गेलो.

आधी टाळी शिकवली. मग खाली शिकवली. तालात ज्या मात्रेवर टाळी न देता हात नुसता हवेत उडवायचा, तिला म्हणतात खाली. एक पोरगं म्हणालं, "सर, आमच्या ड्रममधी पण खालीच हाय." सगळे हसले. मीही हसलो. इथंच वर्ग सोडून घरी पोहे खायला गेलो असतो तर आज तुम्हाला सांगायला काही उरलं नसतं.

पण मला चढली होती मास्तरकी!

"बघा रे," मी म्हणालो, "कुठलाही नाद कानावर पडला की तीन गोष्टी ओळखायच्या. उच्चनीचता, लहानमोठेपणा आणि जात. परीक्षेत हमखास विचारतात."

आता तुम्हीच सांगा, यात मी काय चूक बोललो? उच्चनीचता म्हणजे आवाज चढा आहे का खालचा. लहानमोठेपणा म्हणजे हळू का जोरात. आणि नादाची जात म्हणजे बासरी आणि पेटी एकाच सुरात वाजली तरी डोळे मिटून कळतं ना, ही बासरी आणि ही पेटी? ती जात. पिढ्यान्‌पिढ्या संगीताच्या पुस्तकात असंच छापलंय. पण पुस्तक छापणारा आमच्या पार्किंगमध्ये राहत नव्हता!

मी लाटण्यानं पितळेच्या घागरीवर टोला दिला. टण्ण! वर नाव होतं देशमुखांचं. देशमुख म्हणजे आमचे चेअरमन.

"हा कसा?"

"उच्च!" पोरं ओरडली.

मग शेजारच्या निळ्या प्लास्टिकच्या ड्रमवर. ढुम्म! वर नाव गायकवाडांचं.

"आणि हा?"

"नीच!"

"शाब्बास! पुन्हा एकदा, सगळ्यांनी मिळून!"

आणि माझ्या वर्गानं, खणखणीत आवाजात, ठेक्यात, टाळी देऊन म्हटलं, देशमुख उच्च, गायकवाड नीच! देशमुख उच्च, गायकवाड नीच! मला इतका आनंद झाला म्हणता! पोरं लयीत बोलत होती हो! एकाचीही मात्रा चुकत नव्हती!

गायकवाडांची प्रणाली, चौथीतली पोर, मात्र गप्प बसली होती. मला वाटलं, हिला समजलं नाही. तिला पुढं बोलावलं, डोळे मिटायला लावले, एक भांडं वाजवलं. तिला ओळखता येईना.

मी म्हणालो, "प्रणाली, तुला अजून जात कळत नाही. घरी जाऊन नीट समजून घे. जात कळल्याशिवाय माझ्याकडं पुढचा धडा नाही!"

अहो, कपाळावर हात काय मारता? मी नादाबद्दल बोलत होतो!

दुपारी जेवून आडवा झालो होतो, तेवढ्यात सोसायटीच्या ग्रुपवर देशमुखांचा मेसेज आला. 'आपल्या सोसायटीत जातिभेद अजिबात खपवून घेतला जाणार नाही.' मी म्हटलं, वा! चेअरमन असावा तर असा. कुणीतरी हलकट माणूस काहीतरी बरळला असणार. मी लगेच अंगठा दिला. तेवढ्यावर थांबलो असतो तर मी कसला? खाली लिहिलं, 'शंभर टक्के सहमत. असल्या माणसाला भर पार्किंगमध्ये उभं करून जाब विचारा.'

ग्रुप एकदम चिडीचूप! कुणी काही लिहीना. मला वाटलं, माझा मुद्दा सगळ्यांना पटला.

थोड्या वेळानं माधवी वरून पापड वाळत घालून आली. चेहरा पांढराफटक. दार लावून कडी घातली, आणि मग म्हणाली, "अहो, तुम्ही सकाळी काय शिकवलंत?"

"केरवा ताल. का?"

"पहिल्या मजल्यावर म्हणताहेत, तुम्ही पोरांना जात विचारली. दुसऱ्या मजल्यावर म्हणताहेत, जात बघून पोरांना पुढं-मागं बसवलंत. आणि गच्चीवर बायका म्हणत होत्या, टँकरचं पाणी जातवारीनं वाटायचा ठराव तुम्ही चेअरमनकडं दिलाय!"

मी ताडकन उठून बसलो. फोन उचलला. माझा तो मेसेज वाचला. पुन्हा वाचला. अंगाला असा घाम सुटला, की त्या उन्हाळ्यात आमच्या घरात तेवढं एकच पाणी होतं.

"प्रणालीची आई कुणाशी बोलत नाहीये," माधवी हळूच म्हणाली. "पोर सकाळपासून रडतेय म्हणे."

हे ऐकल्यावर मात्र मी फोन बाजूला टाकला. बाकी सगळं गेलं चुलीत. ती पोर दर रविवारी सगळ्यांच्या आधी येऊन सतरंजी अंथरायची हो.

मी म्हटलं, आत्ता जातो गायकवाडांकडं. चपला घातल्या, आणि तेवढ्यात खाली हॉर्न. पोंऽऽ! टँकर! आता तुम्हाला सांगतो, एरवी टँकरचा हॉर्न वाजला की आमची सोसायटी जिन्यावरून खाली सांडायची. धक्काबुक्की, आरडाओरडा, 'ओ ताई, आमचा नंबर!' त्या दिवशी मी तबला-डग्गा काखोटीला मारून खाली उतरलो. म्हटलं, लागलंच तर वाजवून समजावून सांगू. बघतो तर सगळे जण आपापल्या भांड्याशी उभे, आणि कुणी नळीला हात लावत नव्हतं. पाणी आलेलं असताना! सगळे माझ्याकडं बघत होते. मीच म्हणालो होतो ना, भर पार्किंगमध्ये उभं करा म्हणून? केलं!

सलीमभाई टँकरच्या पायरीवर बसलेला. हातात पान्हा. म्हणाला, "क्या सर, सुना मैं, तुम बर्तनां की जात पूछ रहे? हमारे टँकर की कौनसी जात है, वो भी बोल डालो एक बार!"

कुणी हसलं नाही.

देशमुख पुढं आले. माणूस तसा गडगडाटी, पण त्या दिवशी आवाज दबलेला. "सर, मला कशाला उच्च केलंत राव? लोक म्हणायलेत, चेअरमननंच सरांला पढवून ठिवलंय. मी उद्या कुणाला तोंड दाखवू?"

"अहो देशमुख, घागर उच्च! तुम्ही नाही!"

"म्हंजे मी नीच?"

"नाही हो!"

मागून कुणीतरी म्हणालं, "बघा, पुन्हा चालू झालं!"

मग गर्दीतून गायकवाड आले. वाळूजला कंपनीत सुपरवायझर. कमी बोलणारा माणूस. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते अगदी शांतपणे म्हणाले, "सर, ड्रमचं मला काय नाय. पण पोरगी घरी येऊन मला इचारती, पप्पा, आपली जात कळल्याशिवाय सर तबला शिकवणार नाहीत का? मी काय सांगू तिला? तुम्हीच सांगा."

मी म्हणालो, "गायकवाड, तुमच्या पोरीची शपथ नाही घेत, माझी घेतो. मी आवाजाबद्दल बोलत होतो. पुस्तकात तसा शब्द आहे. माझे डोळे बांधा. यातलं कुठलंही भांडं वाजवा. मी न बघता सांगतो, पितळ का प्लास्टिक. त्यालाच नादाची जात म्हणतात. नाही सांगता आलं तर आजपासून वर्ग बंद."

मी काखेतला तबला-डग्गा टँकरच्या पायरीशी ठेवला. गायकवाडांनी देशमुखांकडं बघितलं. देशमुखांनी खांद्यावरचा टॉवेल काढून माझ्या डोळ्यांवर करकचून बांधला. इतका करकचून, की मनातला राग सगळा त्या गाठीत गेला असावा.

अंधार. भोवती शे-दीडशे माणसं. टँकरमधून पाण्याचा थेंब पडायचा तेवढा ऐकू यायचा.

टण्ण!

"पितळ. देशमुखांची घागर."

ठण्‌!

"स्टीलचा हंडा. पाऊण भरलाय... म्हणजे कुणीतरी गुपचूप भरून घेतलंय!"

थोडी खसखस पिकली. कुणाच्या तरी बायकोनं कुणाला तरी चिमटा काढल्याचा आवाजही मी ओळखला असता.

मग ढुम्म. हळू. जपून. कुणी वाजवलं ते मला सांगावं लागलं नाही.

"हा गायकवाडांचा ड्रम," मी म्हणालो. "पुस्तकवाला याला नीच म्हणतो, म्हणजे नुसता खालच्या सुराचा. पण अख्खा ठेका याच्यावर उभा राहतो. हा बंद करून नुसती घागर वाजवा, माणूस डोकं धरून बसेल!"

"खरंय," देशमुखांची बायको लांबून म्हणाली. "घरी तेच ऐकतेय मी." या वेळी मात्र सगळे हसले. गायकवाडही हसले असावेत, कारण अगदी जवळून कुणीतरी नाकानं फुस्स केलं.

झालं की! सुटलो की! त्याच वेळी टॉवेल सोडायला हवा होता. पण चार माणसं हसली की माझं डोकं ठिकाणावर राहत नाही. मी छाती पुढं काढून म्हणालो, "आणखी वाजवा! काय वाट्टेल ते वाजवा!"

"ये बोलो फिर," सलीमभाईचा आवाज. आणि खट्‌-खण!

मी कान टवकारला. मान डोलावली. अगदी परीक्षकाच्या थाटात म्हणालो, "हॅ! हे काय भांडं आहे? पातळ पत्रा, वरून तांब्याचा नुसता मुलामा. आत दम नाही. गुलमंडीतल्या नाहीतर शहागंजातल्या दुकानदारानं अस्सल तांबं म्हणून कुणाच्या तरी गळ्यात मारलंय. आणि ज्यानं घेतलंय ना, त्याला भांड्यातलं काडीचं कळत नाही!"

आधी कुणीतरी खुदकलं.

मग अशी हसण्याची लाट उसळली, की मला वाटलं टँकर फुटला! मी टॉवेल ओढून काढला. सलीमभाईनं एक भांडं उलटं करून पोटाशी धरलेलं, वर पान्हा टेकवलेला, आणि डोळ्यांतनं पाणी वाहत होतं.

पोटाशी माझाच डग्गा होता!

माधवी तोंडाला पदर लावून जिन्यात बसली होती. ज्या डग्ग्याला मी तिला हात लावू देत नव्हतो, तांबं आहे, डाग पडतील म्हणून!

त्या हसण्यातच सलीमभाईनं नळी सोडली आणि लोक एकदाचे पाण्याला भिडले. त्या दिवशी म्हणे पहिल्यांदाच टँकरवर भांडण झालं नाही. जो तो हंडा उचलताना एकमेकाला विचारत होता, "काय हो, तुमचं अस्सल का मुलामा?" मी प्रणालीपाशी गेलो, खाली बसलो. म्हटलं, "बेटा, चुकलं माझं. येशील ना रविवारी?" ती माझ्याकडं बघून म्हणाली, "येते. पण सर, डग्गा दुसरा आणा."

पुढच्या रविवारी मी पक्की तयारी करून उतरलो. जात हा शब्द कायमचा बाद. रात्रभर विचार करून दुसरा शोधला होता, कसा निरुपद्रवी! वर्ग भरलेला. या वेळी आईबापही मागं खुर्च्या टाकून बसलेले. मी घसा खाकरला.

"मुलांनो, आजपासून आपण जात म्हणायचं नाही. आपण म्हणायचं नादाचा रंग. आता मी एकेक भांडं वाजवतो, तुम्ही डोळे मिटून सांगायचं, याचा रंग कोणता? भगवा, हिरवा का निळा?"

मागं खुर्च्या सरकल्या. देशमुखांनी कपाळावर हात मारला. निवडणूक महिन्यावर आलेली, गल्लीच्या तोंडाशी झेंड्यांवरून आदल्याच दिवशी बाचाबाची झालेली!

गायकवाड उठले, पुढं आले, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि अगदी मायेनं म्हणाले,

"सर, तुम्ही आपलं नुसतं वाजवा. बोलू नका."