फुका म्हटलं की फुकायचं

मला टीबी झालाय, हे मी कोणालाही न विचारता ठरवून टाकलं होतं. पहाटे खोकल्यानं जाग यायची, छातीत शिट्टी वाजायची. मी माझं ताट वेगळं केलं, खाट पडवीत टाकली. सुनेला नुकतीच मुलगी झाली होती. सगळं घर नातीला हातांवर घेई; मी दारातूनच पाहायचो. थुंकीच्या तपासणीत काही निघालं नाही, तरी माझा विश्वास बसेना.

आम्ही तलावात मासे धरणारी माणसं. जाळं बुडाशी अडकलं की बुडी मारून सोडवायचं काम माझं. श्वास कोंडून धरण्यात गावात माझा हात कोणी धरत नसे (हे मी न विचारताही सांगायचो). त्यामुळे चंद्रपूरच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, "फुंकून पाहाची तपासणी करू," तेव्हा मला ती सोपीच वाटली.

सिस्टरनं नाकाला चिमटा लावला, तोंडात नळी दिली. "पूर्ण श्वास घ्या भाऊ, अन् एकदम जोरानं फुका. आतली हवा संपेपर्यंत थांबाचं नाई."

मी पूर्ण श्वास घेतला, आणि सवयीप्रमाणे धरून ठेवला.

"भाऊ, सोडा न."

मी धरलेलाच. डोळे बाहेर यायला लागले.

"अवो, इथी पाणी नाई," मागून बायको म्हणाली. "सोडा."

दुसऱ्या वेळी सोडला, पण बुडबुड्यांसारखा, थोडा थोडा. मशीननं तोही नाकारला. मग बायकोच माझ्या मागं उभी राहिली आणि "फुका, फुका, अजून फुका" सुरू झाली. बाहेर बाकड्यावर बसलेल्या दोघी बायाही तिच्या सुरात मिळाल्या. असा तो श्वास एकदाचा निघाला. मग पंपानं दवा ओढायला लावली, थोडं बसवलं आणि पुन्हा फुंकायला लावलं.

डॉक्टरांनी कागदावरच्या दोन रेषा दाखवल्या. "पहिल्यांदा हवा अडकून निघत होती. दवाईनंतर नळ्या मोकळ्या झाल्या, पाहा. हा दमा आहे. टीबी नाई."

"नातीले घेतलं तर चालते?" मी विचारलं.

"घ्या न. दमा कोणाले लागत नाई."

बायको खिडकीकडे वळली आणि बराच वेळ पदरानं तोंड पुसत राहिली.

घरी आल्यावर मी हातपाय धुतले आणि नातीला मांडीवर घेतलं. चांगल्या रोहूएवढी भरली (सुनेला हे सांगितलं नाही).

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरांनी दिलेला पंप घ्यायचा होता. दाबायचा, दवा हळूच आत ओढायची आणि श्वास धरून ठेवायचा. सगळं घर पाहत होतं. मी पंप तोंडात धरला, दाबला, आणि छातीत होती नव्हती तेवढी हवा लावून फुंकलं. दवा पांढरा धूर होऊन छताकडे गेली.

बायको शांतपणे म्हणाली, "सोडाचा होता तवा धरून बसले, अन् धराचा होता तवा सोडून देल्ला."

एवढ्या वर्षांच्या संसारात माझ्या बाकीच्या कामांबद्दलही तिचं मत साधारण हेच आहे.