हंडा येईपर्यंत

सिरसाळ्याजवळच्या आमच्या गावात दूध संस्थेवर दूध मोजणारी ती पोरगी काहीही सांगितलं की आधी विचारायची, "कावून?"

दुष्काळात तिनं पोरंपोरी जमवून टँकरच्या पाण्यासाठी टाकी बांधली, नळ बसवले. विहिरीवरची भांडणं थांबली. युवा नेतृत्व पुरस्कारासाठी पाहणी करायला साहेब आले, तेव्हा मी तिथंच होतो.

"फोटो काढायचाय, नळ सोड," साहेब म्हणाले.

"कावून? खाली हंडा न्हाई."

"पुरस्कार नको का?"

"पायजे की! लई पायजे." पण नळावरचा हात हलला नाही. तिनं शेजारच्या काकूंना हाक मारली. काकू हंडा घेऊन येईपर्यंत साहेब उन्हात ताटकळले.

पुरस्कार तिलाच मिळाला. पेपरातल्या फोटोत काकू हसताहेत, हंडा भरतोय. तिचा नुसता हात दिसतो. तो हात तिनं घरोघरी नेऊन दाखवला.