दोनशे बारा नंबरची माशी

आमचे हे मधमाश्यांच्या पाठीवर चिप चिकटवतात, असं सांगितलं की लोक फिदीफिदी हसतात. हसा बापडे! मोहरीएवढी चिप, सुईच्या टोकावर डिंक, आणि माशी डंख मारायच्या आत काम फत्ते. पेटीच्या दाराशी यंत्र असतं. माशी आली-गेली की तिचा नंबर आणि वेळ आपोआप नोंदवली जाते. एकवीस वर्षं हे कृषी महाविद्यालयाच्या कीटक विभागात रोजंदारीवर आहेत.

यंदा ह्यांना कायम करायचं घाटत होतं. कारकुनाने दोनशे दिवसांच्या हजेरीचा पुरावा मागितला. हजेरीपट वाळवीने खाल्लेला, तोही कीटक विभागात! ह्यांचं जेवणावरचं लक्षच उडालं.

तिकडे विभागप्रमुख साहेब मात्र हवेत. दीड महिन्यात मरायची ती दोनशे बारा नंबरची माशी आठ महिने जगली होती. दहाच्या ठोक्याला हजर, पाचला गायब, रविवारी सुट्टी. साहेबांनी लेखच छापून आणला, माश्यांना आठवड्याचे वार कळतात म्हणून.

एका सकाळी मी ह्यांचा चष्मा पुसायला घेतला. दांडीवर काळा ठिपका, काही केल्या निघेना. भिंगाखाली धरला, तर दोनशे बारा!

"अहो, ती माशी म्हणजे तुम्हीच की! रोज दहाला आणि पाचला यंत्रापाशी वाकून साखरपाणी भरता ना?"

"मला कसं दिसणार? चष्मा घातला की दांडी दिसत नाही, काढला की काहीच दिसत नाही."

"देव पावला म्हणा! हाच तुमचा हजेरीपट. साहेबांची सही घेऊन या."

साहेबांचा चेहरा पांढराफटक पडला. "नोंदी चोख आहेत, पण त्या माशीच्या आहेत. छापून आलंय हो," म्हणाले, आणि स्वतः ब्लेडने ठिपका खरवडून काढला. कारकुनाने पुराव्याअभावी अर्ज परत केला. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

दुसऱ्या दिवशी दोनशे बारा नंबर यंत्रावर आलाच नाही. साहेबांनी माशी मेल्याची नोंद केली आणि तिच्या सेवेबद्दल सगळ्यांना दोन मिनिटं उभं केलं. एकवीस वर्षांत ह्यांच्यासाठी तिथे कुणी उभं राहिलं ते पहिल्यांदाच. हेही उभे होते, मागच्या रांगेत, मान खाली घालून.