कॅप्टनचा आहार

ऐंशीच्या सुमाराला आम्ही इकडे परदेशात, टूनगॅबी नावाच्या उपनगरात घर घेतलं, आणि सासरे गेल्यावर वर्षभरानं सासूबाई साताऱ्याहून आमच्याकडे राहायला आल्या. मी वेस्टमीडच्या हॉस्पिटलात लॅबमध्ये होते. सकाळची शिफ्ट संपवून घरी यायचं, चहा टाकायचा आणि मागच्या अंगणात लिंबाच्या झाडाखाली खुर्ची ओढून तासभर पुस्तक वाचायचं, असा माझा नेम. त्या तासात मला कुणी हाक मारायची नाही. नवऱ्यानं हे मुकाट्यानं मान्य केलं होतं. सासूबाईंनी दुसऱ्याच दिवशी स्वतःची खुर्ची माझ्या शेजारी आणून ठेवली.

त्या वेळी माझ्या हातात चर्चच्या जुन्या-पुराण्या वस्तूंच्या दुकानातून आणलेली एक जाडजूड इंग्रजी कादंबरी होती. महायुद्ध, जखमी कॅप्टन, त्याच्यावर जीव टाकणारी नर्स. साहित्य म्हणून दिवे ओवाळण्यासारखं त्यात काही नव्हतं, पण दिवसभर परक्यांच्या रक्ताच्या बाटल्या हाताळल्यावर मला तेच हवं असायचं. मुखपृष्ठावर दोघं एकमेकांना बिलगून उभी होती आणि कॅप्टनच्या शर्टाची बटणं पार बेंबीपर्यंत उघडी होती.

"हा कसला शिपाई?" सासूबाई म्हणाल्या. "बटणं कोण लावणार ह्याची?"

"जखमी आहे, आई."

"कुठल्या लढाईत?"

"इटलीत."

त्या एकदम ताठ बसल्या. सासरे लष्करात होते आणि लढाईच्या काळात इटलीत होते, एवढं मला माहीत होतं. त्याहून जास्त कुणालाच माहीत नव्हतं. तीन वर्षं तिकडे काढून ते परत आले आणि पुढची पस्तीस वर्षं त्याबद्दल चकार शब्द बोलले नाहीत. मुलांनी विचारलं तर "थंडी फार होती" म्हणायचे.

"मला वाचून दाखव," सासूबाई म्हणाल्या. "मराठीत सांग. तिकडं काय चालायचं ते मला कळू दे एकदा."

नाही म्हणायची सोय नव्हती. सासरे गेल्यापासून त्यांनी पहिल्यांदाच काहीतरी मागितलं होतं. मी पुस्तकाला खाकी कव्हर घातलं आणि वाचायला बसले.

पहिली दोन प्रकरणं बरी गेली. तोफा, चिखल, नदीवरचे पूल. आपल्या लोकांचा उल्लेख अख्ख्या पुस्तकात एका ओळीत होता, तोही खेचरांबरोबर, पण सासूबाईंनी ती ओळ मला दोनदा वाचायला लावली. तिसऱ्या प्रकरणात मात्र नर्स कॅप्टनचं बँडेज बदलायला वाकली, त्यानं तिचा हात धरला, आणि पुढे जे काय होतं ते साताऱ्याच्या सासूसमोर मराठीत सांगायची माझी छाती नव्हती. इंग्रजीत माणसं एकमेकांच्या ओठांवर ओठ ठेवतात ते आपण चहा पिता पिता वाचतो. तेच मराठीत म्हणायला गेलं की आधी आजूबाजूला कुणी आहे का ते बघावं लागतं.

"मग?" सासूबाई म्हणाल्या.

"मग तिनं त्याला गरम गरम सूप दिलं," मी म्हणाले.

"बरं केलं. आजारी माणसाला पातळच द्यावं."

आपल्याकडे माया दाखवायची ती ताटातून, त्यामुळे ही थाप त्यांना अगदी सहज पचली. आणि मला सवय लागली. त्यानं तिला जवळ ओढलं की मी त्याला पाव-लोणी द्यायची. तिनं त्याच्या केसांतून हात फिरवला की भाताची पेज. गवताच्या गंजीतला तो मोठा प्रसंग आला, अडीच पानांचा. मी सांगितलं, की बाहेर पाऊस होता म्हणून दोघांनी गोठ्यात बसून अंडी उकडून खाल्ली.

"अडीच पानं अंडीच खात होते?"

"सोलायला वेळ लागतो ना, आई."

शेजारी नवरा पेपर वाचत होता. पेपर थरथरायला लागला. आत गेल्यावर मला म्हणाला, "अगं, जरा कमी खायला घाल. कॅप्टनला जुलाब होतील."

"मग तू वाच," मी म्हणाले. "बस तुझ्या आईसमोर आणि वाच." तो लगेच गवत कापायला गेला.

खरी पंचाईत नवव्या प्रकरणात झाली. नर्सला दिवस गेले. कथानकच त्यावर उभं होतं, गाळून चालणार नव्हतं. मी पान उलटलं आणि म्हणाले, "आता तिचं वजन फार वाढलंय."

"वाढणारच," सासूबाई म्हणाल्या. "काय खातायत दोघं!"

सगळ्यात मजा म्हणजे त्या खुलल्या होत्या. जेवायला लागल्या होत्या, स्वयंपाकघरात येऊन माझ्या कामात चुका काढायला लागल्या होत्या. "म्हणजे तिकडं खाण्यापिण्याचे हाल नव्हते तर," असं एकदा पोळ्या लाटता लाटता म्हणाल्या. मला वाटलं, बाईला हेच हवं होतं. नवरा सुखरूप होता, पोटभर जेवत होता, आणि कुठल्या नर्सच्या भानगडीत नव्हता. एका सूपात मी किती कामं केली! माझी मलाच शाबासकी द्यावीशी वाटत होती.

आमच्या शेजारी एक इटालियन म्हातारी राहायची. दोघींना मिळून इंग्रजीची जेमतेम वीस वाक्यं येत असतील, पण कुंपणावरून टोमॅटो इकडे आणि लाडू तिकडे असा व्यवहार रोज चाले. एका शनिवारी सासूबाई रव्याचे लाडू घेऊन कुंपणाशी गेल्या आणि तुमच्या देशानं आमच्या ह्यांना चांगलं खाऊपिऊ घातलं म्हणून तिचे आभार मानायला लागल्या. "माय हजबंड, वॉर, इटली. सूप! एग! थँक्यू!"

मी कपडे वाळत घालत होते. 

म्हातारीनं आधी कान पुढे केला. मग दोन्ही रिकामे हात सासूबाईंसमोर धरले. "एग? इन द वॉर? नो एग! नो ब्रेड! नथिंग! ग्रास, वी ईट. चेस्टनट, ग्रास." आणि कुंपणाजवळचं थोडं गवत उपटून तोंडाशी नेऊन दाखवलं.

सासूबाई लाडू देऊन परत आल्या. मी हातातल्या ओल्या चादरीच्या मागे गेले.

"बाहेर ये," त्या म्हणाल्या. "तिच्या गावात माणसं गवत खात होती. तुझ्या नर्सला रोज अंडी कुठून मिळत होती?"

मी आले. लोकांना आजवर मी कितीतरी कठीण रिपोर्ट दिले होते, पण तेव्हासारखी माझी बोबडी कधी वळली नव्हती. "आई, ती दोघं... म्हणजे त्यांचं... मी ते सगळं गाळत होते. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून. बाबाही तिकडेच होते ना. मनात नको ते यायला नको."

सासूबाई खुर्चीत बसल्या. रागावल्या नव्हत्या. रागावल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

"हे परत आले ना," त्या म्हणाल्या, "तेव्हा झोपेतून दचकून उठून बसायचे. मी पाठीला हात लावला तर अंग चोरायचे. वर्षभर. मी एकोणीस वर्षांची होते, मला काय कळतंय? मला एवढंच वाटायचं, की ह्या माणसाला तिकडं तीन वर्षांत कुणी मायेनं हात लावला असेल का? कुणीही. नर्स असो, नाहीतर आणखी कोण असो."

"तुम्ही कधी विचारलं नाहीत?"

"विचारलं असतं तर म्हणाले असते, ही संशय घेते. मी संशय घेत नव्हते गं. कुणीतरी असावी असंच मला वाटत होतं."

 मी आत जाऊन पुस्तक आणलं. खाकी कव्हर काढलं आणि गवताच्या गंजीचं प्रकरण उघडलं. नवरा पाणी पिऊन मागच्या दारानं सटकत होता, त्याला सासूबाईंनी "बस" म्हणून सांगितलं. तो पायरीवर बसला आणि स्वतःच्या चपलांकडे बघत राहिला.

मी वाचलं. मराठीत, एक शब्द न गाळता. कान लाल झाले, पण वाचलं. आणि त्या अडीच पानांतलं दुसरं पान, जे मी पहिल्या वेळी घाईघाईत नुसतं उलटलं होतं, त्यात मिठ्या नव्हत्याच. त्यात कॅप्टन तिच्या मांडीवर डोकं ठेवून पडला होता आणि नदीच्या पुलावर आपण काय पाहिलं, काय केलं, ते पहिल्यांदा कुणालातरी सांगत होता. ती त्याच्या पाठीवर हात ठेवून ऐकत होती.

सासूबाईंनी डोळे मिटले होते. मी पुढचं वाचायला लागले तशी त्यांनी माझ्या मनगटावर हात ठेवला.

"थांब," त्या म्हणाल्या. "तेवढंच परत वाच."

मी तेवढंच परत वाचलं.