ओळखीतलं स्थळ

“माझी कॉफी गार व्हायच्या आत झालं सगळं,” तो बाबांना सांगत होता. मी स्वयंपाकघरात, खालच्या हॉकर सेंटरमधल्या खाण्याच्या टपरीवरून आणलेले करी पफ चांगल्या बशांमध्ये मांडत होते. तो कसल्यातरी कर्जाबद्दल बोलतोय असं मला वाटलं. मग त्याने ‘बंदूक’ म्हटलं.

तो टेक्सासहून आईला घेऊन मला बघायला आला होता. जमलं तर मी इथली, वन-नॉर्थच्या ऑफिसांमधली नोकरी सोडून तिकडे जायचं, हे सगळ्यांनी धरलंच होतं. मला कोणी विचारलं नव्हतं.

“पण दुकानदार काही तपासत नाही?” बाबांनी विचारलं.

“तपासतो ना, काका. फॉर्म भरायचा, मग ते कंप्यूटरवर बघतात. गुन्हा नोंदलेला असेल तर देत नाहीत.”

“आणि माणूस तापट असेल तर?”

“राग कंप्यूटरवर कुठे दिसतो?” तो हसला.

त्याची आई हसली नाही. तिने कप खट्कन खाली ठेवला आणि त्याच्याकडे बघितलं. स्वयंपाकघराच्या दारातून मला ते नीट दिसलं.

माझा धाकटा भाऊ नुकताच नॅशनल सर्व्हिस, म्हणजे इथली सक्तीची लष्करी सेवा, संपवून आला होता. “ब्रो, आमच्याकडे एक रिकामं काडतूस हरवलं तरी सगळी प्लाटून गवतात रांगते, लाह.”

“तुमचं बरंय. माझ्याकडे पोलीस पोचेपर्यंत चोर जेवून, हात धुऊन जाईल. शेजारचं घर फोडलं तेव्हाच ठरवलं मी.”

सगळे हसले. शेजारचं घर खरंच फुटलं असेल, आणि तिथे एकटीने राहायचं तर कदाचित मलाही भीती वाटली असती. पण त्या कपाचा आवाज माझ्या डोक्यातून जाईना.

कारण महिन्याभरापूर्वी ऑफिसातल्या एका मराठी मुलीने जेवताना मला सहज विचारलं होतं, “तू घरी चिडतेस का गं? कोणीतरी चौकशी करत होतं.” आमच्या मजल्यावरच्या मावशींनाही तोच प्रश्न आला होता. माझा पगार नाही, माझं शिक्षण नाही, विचारला होता तो माझा राग. तेव्हा नवल वाटलं होतं. आता वाटेना; चौकशी त्याच्या आईचीच असणार.

आई दुसऱ्यांदा चहा गाळायला आत आली. मी हळूच विचारलं, “आपण कोणाला विचारलं, याच्याबद्दल?”

“अगं, ओळखीतलं स्थळ आहे. चौकशी करणं बरं दिसतं का?”

बाहेर तो सांगत होता, “दुसरी बंदूक मित्राकडून घेतली. तिथे तर तपासणीसुद्धा नाही, आमच्या राज्यात चालतं. ओळखीचाच होता. ती उशाशी ड्रॉवरमध्ये असते.”

बाबांनी मान डोलावली. पाहुण्यांसमोर ते कशालाही मान डोलावतात.

मी ट्रे घेऊन बाहेर गेले. त्याच्या आईने मला शेजारी बसवून घेतलं. “किती शांत आहे हो मुलगी! काही विचारायचं असेल तर विचार ना त्याला.”

मी त्याच्याकडे बघितलं नाही. बशी टेबलावर ठेवली.

“बाबा, माझी चौकशी झाली. आता यांची करा. तोवर माझा होकार धरू नका.”