अनवाणी इटली

मंदीच्या त्या वर्षी आमच्या ऑफिसात दर गुरुवारी कुणाच्या तरी निरोपाचा केक कापला जायचा. दुबईत सगळंच घसरत होतं; वाढत होतं ते फक्त माझं वजन. माझी नोकरी टिकली, पण मोठी रजा खलास. तिच्याबरोबर आमची इटलीही गेली.

इटली खरं तर माझ्या सासऱ्यांची होती. साताऱ्याच्या शाळेत त्यांनी जन्मभर इतिहास शिकवला. इटलीतल्या डोंगरावरच्या चिमुकल्या गावांत श्रीमंत घराणी ईर्ष्येनं बुरूज बांधायची, तुझ्यापेक्षा माझा उंच, हे ते वर्गात हातवारे करून सांगायचे. त्यातलं एखादं गाव डोळ्यांनी बघायचं, एवढंच त्यांनी जावयाकडे मागितलं होतं. ते आमच्या दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कातल्या फ्लॅटवर येऊन पोचले आणि त्याच आठवड्यात रजा रद्द झाली. बायकोनं त्यांना सांगितलं. "हरकत नाही," ते म्हणाले, पण इतक्या हळू, की मला जेवण गेलं नाही. म्हणजे, तिसऱ्यांदा भात घेतला नाही.

शुक्रवारच्या सुट्टीला मी सगळ्यांना गाडीत घातलं आणि रास अल खैमाच्याही पुढे, धायाच्या किल्ल्याकडे निघालो.

"डोंगरावरचे बुरूज आपल्याकडेही आहेत," मी म्हणालो.

"आपल्याकडे? तू कधी बघितलेस?" बायकोनं विचारलं.

"ऑफिसातल्या एकाने फोटो दाखवलेत."

"यल्ला, चला, फोटोवर चाललोय आपण!"

पायऱ्या चढताना लेक आणि सासरे पुढे, बायको मागे, आणि मी तिच्याही मागे, निसर्ग बघतोय असं दाखवत दर वळणावर थांबत.

"डॅड, आर यू ओके?" लेकीनं वरून विचारलं.

"खजुराच्या बागा बघतोय!"

वर पोचलो तर दोन मातकट बुरूज, खाली हिरव्या बागा, पलीकडे समुद्र. इंग्रजांशी इथली माणसं इथंच लढली, हे सासऱ्यांनी पाटीवर वाचलं आणि चटकन चपला काढल्या. गडावर देवी असतेच, तेव्हा बुरुजापाशी अनवाणी जायचं, ही त्यांची पायांना लागलेली सवय.

"बाबा, इथे देऊळ नाहीये," बायको कुजबुजली.

"नसू दे. माणसं तर लढली ना?"

झालं, आम्हीही बूट काढले. दगड तव्यासारखे तापलेले. मी त्यावर जे नाचलो त्याला लेक अजूनही ट्रॅडिशनल डान्स म्हणते.

मागून एक गोरं वयस्क जोडपं येत होतं. आमचे बूट ओळीनं ठेवलेले बघून तेही थबकलं आणि गुपचूप आपले बूट काढून उड्या मारत आलं. बाईंनी मोडक्या इंग्रजीत आदबीनं विचारलं, ही पवित्र जागा आहे का? सासऱ्यांनी त्याहून मोडक्या इंग्रजीत गडावरची देवी समजावली आणि विचारलं, आपण कुठल्या?

इटलीच्या. डोंगरावरच्या एका लहानशा गावाच्या.

सासरे दगडाचे चटके विसरले. "तुमच्याकडे बुरूज आहेत?"

"चार उरलेत."

"आमच्या घराण्याचा एक," बाईंचा नवरा म्हणाला. "शेजाऱ्यांच्या बुरुजापेक्षा हातभर ठेंगणा. माझी आई मरेपर्यंत त्यावरून धुसफुसत होती."

सासरे इतके मोठ्यानं हसले की बागेतले पक्षी उडाले. मग तिघं बुरुजाच्या सावलीत फतकल मारून बसले. गावाची वेस, चौकातली विहीर, चर्चचं कललेलं घंटाघर, हे सगळं ती बाई धुळीत बोटानं काढून दाखवत होती आणि सासरे वर्गातल्या पहिल्या बाकावरच्या मुलासारखे प्रश्न विचारत होते. आम्ही डब्यातले पराठे पुढे केले. तेही तिघांनीच संपवले.

उतरताना मी धीर करून म्हणालो, "पुढच्या वर्षी तिकडे नक्की जाऊ, इन्शाल्ला."

"जावईबापू," माझ्या खांद्यावर हात ठेवून सासरे म्हणाले, "रजा रद्द झाली तेच बरं. आपण तिकडे गेलो असतो आणि ही मंडळी इकडे आली असती. उगाच चुकामूक झाली असती."