कोर्बियाचं लोढणं

गुराच्या गळ्यात लोढणं अडकवतात, ते त्याने उधळू नये म्हणून. पण राखणीच्या कुत्र्याच्या गळ्यात लोढणं अडकवायचं हे डोकं कुणाचं, असं रफिला तातुकू येणाऱ्याजाणाऱ्याला विचारायची. उत्तर तिलाही माहीत होतं आणि गावालाही. डोकं लिओन्तिन प्रोद्याचं होतं. हा लाकडाच्या वखारीचा मालक, शिकार मंडळाचा अध्यक्ष, आणि वर कडी म्हणजे याचीच मेंढरं उन्हाळाभर रफिलाच्या मेंढवाड्यात चरायची. आपल्याच मेंढरांच्या राखणदाराचे पाय बांधणारा माणूस अख्ख्या रोमानियात शोधून सापडला नसता, तो नेमका आमच्या गावाच्या वाट्याला आला.

रफिला आता साठी ओलांडलेली. नवरा गेला तेव्हा गावातल्या शहाण्यांनी तिला सांगितलं होतं, बाईमाणसाने डोंगरावर मेंढवाडा चालवू नये, तो दुसऱ्याकडे सोपवावा. तिने त्यांचं ऐकून घेतलं आणि मे महिना लागताच सगळ्या गावाची मेंढरं घेऊन वर पठारावर गेली. तेव्हापासून दर वर्षी तीच जाते. दूध तापवावं, चीज काढावं, कापडात बांधून टांगावं, राहिलेल्या पाण्यात मक्याचं पीठ कालवून कुत्र्यांना घालावं, आणि हे सगळं करताना तोंडाचा पट्टा चालू ठेवावा, असा तिचा दिवस. तिचा मेंढपाळ अवराम म्हणायचा, "लोढणं घालायचंच तर मावशीच्या जिभेला घाला. हरणं काय, अस्वलंसुद्धा निवांत झोपतील."

कुत्री ती स्वतः वाढवायची. पिल्लं मेंढ्यांच्या गवतातच जन्मायची, त्यामुळे मेंढरं म्हणजे आपलेच भाऊबंद अशी त्यांची समजूत व्हायची आणि ती शेवटपर्यंत टिकायची. पिल्लू थोडं मोठं झालं की लोकरीच्या कात्रीने ती त्याचे कान मुळापासून कापायची, कारण लांडगा आधी कान धरतो. कापताना तोंडाने लांडग्याच्या सात पिढ्यांचा उद्धार चाललेला असे. मग गळ्यात खिळ्यांचा पट्टा. नवऱ्याने ठोकून केलेला, टोकं बाहेरच्या बाजूला, म्हणजे मानेला तोंड घालणाऱ्याची टाळू फाटावी. कोर्बिया नावाचा काळा दांडगा कुत्रा अशाच पट्ट्यावर तीन लांडग्यांना पुरून उरला होता. त्याच्या जिवावर रफिला पठारावर बिनघोर राहत असे.

आणि अशा कुत्र्याच्या गळ्यात हातभर लांबीचं लाकूड! शिकार मंडळाचं म्हणणं, मेंढपाळांची कुत्री हरणांच्या मागे लागतात. हरणं कुणासाठी राखायची? तर शहरातून बंदुका घेऊन येणाऱ्या पाहुण्यांसाठी. म्हणून प्रत्येक कुत्र्याच्या छातीसमोर लाकूड आडवं टांगायचं. कुत्रा चालेल, पण धावायला गेला की लाकूड गुडघ्यांवर आपटणार. ज्याच्या गळ्यात लोढणं नसेल तो कुत्रा दिसेल तिथे गोळी घालून मारायचा. वसंतात ग्रिवू नावाचा म्हातारा कुत्रा लोढण्याशिवाय झऱ्यावर पाणी प्यायला गेला आणि गोळी लागून तिथेच पडला. लिओन्तिनने निरोप पाठवला, की नियम आधीच सांगितला होता. त्या गरीब जनावराने जन्मात हरणाकडे मान वळवून पाहिलं नव्हतं. पण विचारतो कोण!

तेव्हापासून रफिलाची इकडे आड तिकडे विहीर झाली. लोढणं काढावं तर शिकाऱ्याची गोळी, ठेवावं तर लांडग्याचे दात. तिने आपली युक्ती काढली. मंडळाची जीप दिसली की लोढणी बांधायची, आणि जीप उतारावरून दिसेनाशी झाली की सोडायची. दिवसातून चारदा वाकून वाकून तिची कंबर मोडली, पण कुत्री जगली.

ऑगस्टमध्ये एका सकाळी लिओन्तिन पाहुण्यांना घेऊन आला. त्यांना खाली जंगलात मोक्याच्या जागी बसवून स्वतः मेंढवाड्यावर चढला आणि मक्याच्या पिठाची घट्ट मामालिगा आणि चीज यांवर हात मारायला बसला.

"मावशी, चीज खावं तर तुझ्या हातचं. बाकी सब झूट."

"खा बाबा. तुझ्याच मेंढीचं दूध आहे. आणि तिला राखतो तो हा कोर्बिया. धुकं चढतंय खालून, बघतोयस ना? त्याच्या गळ्यातलं काढू दे मला."

"पाहुणे बसलेत खाली. त्यांना काय कळणार कुत्रं कुणाचं? दिसलं की उडवतील. मग मला बोल लावायचा नाही."

"म्हणजे बंदूक पाहुण्याची, नियम तुझा, कुत्रं माझं. मग यात तुझं काय जातं रे?"

"मेंढरं आहेत की माझी," लिओन्तिन हसून म्हणाला आणि चीजचा आणखी एक तुकडा त्याने कापला.

अवराम दारात उभा होता. "साहेब, मी सांगतो तसं करा. लांडग्यालाही एक लोढणं बांधा. सामना तरी बरोबरीचा होईल."

लिओन्तिनला ते आवडलं नाही. तो उठून पाहुण्यांकडे निघून गेला.

धुकं आलं ते असं, की हाताशी उभी मेंढी दिसेना. धुक्यात लांडग्याला दिवस आणि रात्र सारखीच. रफिला कोर्बियाजवळ गुडघ्यावर बसली, लोढण्याच्या वादीला तिने हात घातला. तेवढ्यात खाली जंगलात बंदुकीचा आवाज झाला. तिला झऱ्यावरचा ग्रिवू आठवला आणि तिने हात काढून घेतला.

पुढचं तिने पाहिलं नाही, फक्त ऐकलं. मेंढरं एकदम एका बाजूला लोटली. कोर्बियाचं भुंकणं पुढे गेलं, मग धप्प असा आवाज, पुन्हा भुंकणं, पुन्हा धप्प. अवराम ओरडत, काठी आपटत त्या दिशेने धावला. धुकं विरलं तेव्हा पाच मेंढ्या मरून पडल्या होत्या, आणि त्यांच्यापुढे कोर्बिया. लोढणं पुढच्या दोन पायांमध्ये पाचरीसारखं अडकलं होतं. खिळ्यांच्या पट्ट्याला लांडग्याचं रक्त आणि केस चिकटले होते, म्हणजे मान त्याने शेवटपर्यंत कुणाला दिली नव्हती. गुडघ्यांवर पडलेल्या जनावराचं पोट मात्र कुणीही फाडू शकतं. रफिला रडली नाही. संतापाने ती दातओठ खात होती.

आमच्याकडे लांडग्याने मेंढी मारली तर मेंढपाळाने तिचा कान मालकाला आणून दाखवायचा. प्रत्येक घराची कानावर कापलेली खूण वेगळी. मालकाने खूण ओळखायची, मेंढपाळाने म्हणायचं, "लांडग्याने नेली, माझा दोष नाही." मालकाने कान उचलायचा, "दोष कुणाचाच नाही," म्हणायचं आणि मेंढपाळाला प्लमच्या दारूचा पेला द्यायचा. मग त्या मेंढीची गोष्ट पुन्हा कुणी काढायची नाही.

पुढच्या रविवारी चीजची वाटणी होती. चर्चच्या अंगणात लांब टेबलं मांडली होती, सगळे मालक बसले होते. रफिलाने फडकं सोडून कान काढले. तिघांना एकेक दिला, तीन वेळा ठरलेले शब्द म्हणाली, तीन पेले प्यायली. उरलेले दोन कान लिओन्तिनचे होते. ते तिने त्याच्यापुढे ठेवले, पण ठरलेले शब्द म्हटले नाहीत.

लिओन्तिनने पेला भरून पुढे केला. "खूण माझीच आहे. म्हण की मावशी, लांडग्याने नेली. रीत आहे."

"रीत मला शिकवू नकोस. तुला लंगोट नव्हता तेव्हापासून मी कान आणतेय." तिने झोळीतून लोढणं काढलं आणि दोन कानांच्या शेजारी आपटलं. "हेही बघ. मेलेल्याचा कान आणायचा असतो, पण कोर्बियाचे कान मीच कापले होते, लांडग्याच्या तोंडी लागू नयेत म्हणून. त्याचं दाखवायला माझ्याकडे एवढंच उरलंय."

लाकूड एका टोकाला चघळून चघळून भुसा झालं होतं.

"लांडग्याचं काम आहे हे," लिओन्तिन म्हणाला.

"लांडगा मांस सोडून लाकूड कशाला चावेल? हे दात कोर्बियाचे. लांडगा समोर उभा होता, आणि माझा कोर्बिया त्याला फाडायचं सोडून तुझं लाकूड कुरतडत होता."

शेजारच्या म्हाताऱ्या मालकाने लोढणं हातात घेतलं, त्या टोकावरून अंगठा फिरवला आणि पुढच्याकडे दिलं. असं ते टेबलभर फिरलं आणि परत लिओन्तिनपुढे आलं.

"उचल," रफिला म्हणाली. "उचल, आणि म्हण दोष कुणाचाच नाही. मग मी तुझा पेला घेते."

लिओन्तिनने कान उचलले. पेला त्याच्या हातात तसाच राहिला, आणि आता सगळं गाव त्याच्या तोंडाकडे बघत होतं.

"नाही ना म्हणवत?" रफिला म्हणाली. "मग वर जाऊन मी बाकीच्या कुत्र्यांची लोढणी सोडते. घालायची असेल तर घाल गोळी. पण आधी इथे बसलेल्या प्रत्येकाला विचार, मेंढरं कुणाच्या भरवशावर ठेवलीत म्हणून."